जांभ्याच्या गडग्यावरील शेवाळी : परसबागेत तिला जागा कशी द्यावी

मृगाचा पाऊस स्थिरावून आठ-पंधरा दिवस लोटले, की रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्याचे गडगे, विहिरींची तोंडे, पाखाड्यांच्या कडा आणि पोफळीच्या बागांतील पाटांचे काठ हिरव्या मखमलीने मढून जातात. ही मखमल कोणी लावलेली नसते. तिला कोणी खतपाणीही घातलेले नसते. दिवाळीनंतर ती तपकिरी पडू लागते, शिमग्यापर्यंत वाळून कोळ होते आणि पुढील ज्येष्ठात जागच्या जागी पुन्हा हिरवी होते. असे असूनही परसबागेची आखणी करताना तिचा विचार सहसा होत नाही. झालाच, तर खराट्याने वा चुन्याने तिला घालवून देण्यापुरता होतो. दुसऱ्या बाजूस, रोपवाटिकांतून ‘मॉस’ या नावाने मिळणाऱ्या गाद्या विकत आणून कुंड्या व शोभेच्या बागा सजविण्याची हौस शहरांत वाढली आहे. असा माल बहुधा शेतात पिकविलेला नसून डोंगरातील खोडांवरून व खडकांवरून खरवडून आणलेला असतो. घरच्या गडग्यावरील हिरवळ घासून काढावयाची आणि रानातील हिरवळ पैसे देऊन आणावयाची, असा हा उलटा व्यवहार आहे. तो थांबवावयाचा, तर ही वनस्पती कशी जगते हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

शेवाळ निराळे, शेवाळी निराळी

बोलीभाषेत ओल्या जागी येणाऱ्या सर्वच हिरव्या थरांना शेवाळ म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत मात्र पाण्यातील व चिखलातील बुळबुळीत थरांना शैवल आणि ज्यांना बारीक देठ व पाने असतात त्या मखमली वनस्पतींना शेवाळी असे म्हटले जाते. हा भेद केवळ पुस्तकी नाही. न्हाणीच्या दगडावरून किंवा पाखाडीच्या पायरीवरून ज्यामुळे पाय घसरतो, तो थर बहुतेक वेळा शैवलांचा असतो. हात लावला असता तो बोटांना चिकटतो आणि नखाने खरवडल्यास लगदा होऊन येतो. अंगणात पावसाळ्यात दिसणारे काळपट हिरवे, जेलीसारखे गोळेही याच वर्गातील होत. शेवाळी हाताला मऊ पण कोरडी लागते, आणि भिंगातून पाहिल्यास तिचे एकेक रोपटे सुटे दिसते. ज्या घरात म्हातारी माणसे व लहान मुले आहेत, तेथे वाटेवरील व विहिरीच्या काठावरील बुळबुळीत थर काथ्याच्या ब्रशाने नियमाने काढलाच पाहिजे. वर्दळीच्या पायऱ्यांवर शेवाळीलाही जागा देऊ नये. त्या कारणास्तव गडग्यावरील निरुपद्रवी शेवाळीवर मात्र ब्लीचिंग पावडर ओतण्याचे कारण नाही. पायऱ्या धुताना वापरलेले असे पाणी बागेकडे वाहून जाणार नाही, इतकी काळजी घेतली म्हणजे पुरे.

शेवाळीला मुळे नसतात. दगडाला किंवा मातीला धरून ठेवण्यासाठी केसांसारखे तंतू असतात. परंतु पाणी व क्षार ती प्रामुख्याने आपल्या सर्व अंगाने शोषून घेते. बहुतेक जातींच्या पानाची जाडी अवघ्या एका पेशीची असते. त्यामुळे पाऊस पडताच ती काही मिनिटांत टवटवीत होते आणि हवा कोरडी होताच तितक्याच सहजपणे सुकते. इतर झाडे सुकली की मरतात. शेवाळीच्या अनेक जाती मात्र सुकून केवळ थांबतात. फुले व बी यांचा तेथे प्रश्नच नसतो. बारीक दांड्यांच्या टोकांवर बोंडे येतात, त्यांतून धुळीसारखे बीजुक बाहेर पडतात आणि वाऱ्यावर दूरवर जातात. बीजुक ओल्या जागी पडला म्हणजे प्रथम हिरव्या धाग्यांचे जाळे पसरते व त्या धाग्यांवर कोंब फुटून रोपटी उभी राहतात. मोडलेल्या देठाच्या किंवा पानाच्या तुकड्यापासूनही पुष्कळ जाती नव्याने वाढू शकतात. बागेच्या दृष्टीने ही गोष्ट फार सोयीची आहे.

या जीवनक्रमातून काही व्यावहारिक निष्कर्ष आपोआप निघतात. मुळे नसल्यामुळे जमीन भुसभुशीत करण्याची गरज नाही. उलट ती घट्ट असावी लागते. अन्न जमिनीतून घ्यावयाचे नसल्यामुळे शेणखत वा रासायनिक खत निरुपयोगी, किंबहुना अपायकारक. कारण त्याचा लाभ गवताला होतो आणि गवत शेवाळीला झाकून टाकते. पाणी अंगावर घ्यावयाचे असल्यामुळे त्या पाण्याचा दर्जा महत्त्वाचा ठरतो. आणि बीजुक हवेतून सर्वत्र येतच असल्यामुळे बागाइतदाराचे खरे काम लावणीचे नसून जागा तयार ठेवण्याचे आहे.

आपल्याकडील काही जाती

जगात शेवाळीच्या सुमारे १२,००० जाती ज्ञात आहेत. सर्वांची ओळख पटविणे तज्ज्ञांचे काम होय. परंतु कोणती शेवाळी कोठे बसते, इतके प्रत्येकाने आपल्याच आवारात हिंडून पाहावे. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर व सिमेंटच्या कठड्यांवर हायोफिला या वंशाचे मळकट हिरवे ठिपके येतात. सुकल्यावर त्यांची पाने आत वळून सुरळी होते. शहरातील फरशांच्या फटींत चांदीसारखी झाक असलेली ब्रायम अर्जेंटियम ही जात आढळते. ती जवळजवळ सर्व जगभर पसरलेली आहे. पाटाच्या व बांधाच्या ओलसर मातीवर फिसिडेन्स वंशाच्या जाती येतात. त्यांची पाने दोन्ही बाजूंना चपटी मांडलेली असल्यामुळे त्या इवल्याशा नेच्यासारख्या दिसतात. माडाच्या व इतर झाडांच्या खोडावर, दमट हवेत, पांढुरक्या हिरव्या रंगाची जाड पानांची ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम ही जात गाद्या करून राहते. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांना फ्युनेरिया हे नाव आठवत असेल. जळीत जमिनीवर अगदी आरंभी येणाऱ्या वनस्पतींत तिची गणना होते आणि तिच्या बोंडाची दांडी हवेतील दमटपणाप्रमाणे पीळ घेते व सोडते.

म्हणजे दगडावरची, मातीवरची आणि सालीवरची अशी निवड शेवाळी स्वतः करीत असते. खोडावरून काढलेली गादी मातीवर ठेवल्यास ती काही आठवडे हिरवी दिसते आणि पुढे हळूहळू कुजते. विकत आणलेल्या गाद्यांची परवड बहुधा याच कारणाने होते; मग दोष माळ्याला दिला जातो.

लोकांच्या शंका

आंबा, माड किंवा पोफळ यांच्या खोडावर शेवाळी आली म्हणजे ती झाडाचा रस शोषते, असा समज अनेक ठिकाणी आहे. तो बरोबर नाही. बांडगूळ सालीत मुळी शिरवून झाडाचे पाणी व क्षार घेते. शेवाळी केवळ सालीचा आधार घेते आणि आपले अन्न सूर्यप्रकाशावर स्वतः तयार करते. तिच्यासाठी साल खरवडू नये. खरवडण्याने होणाऱ्या जखमांतून रोगांना वाट मिळते, ते नुकसान अधिक मोठे. मात्र आंब्याच्या कलमावर आतील फांद्यांपर्यंत शेवाळी दाट पसरली असेल, तर झाडाच्या घेरात ऊन व वारा पोचत नाही, असा त्याचा अर्थ घ्यावा. उपाय विरळणीचा करावा. शेवाळी हे तेथे केवळ लक्षण असते.

दुसरी शंका भिंतींविषयी. गडगे व चिरेबंदी कुंपणे शेवाळीच्या तंतूंनी फुटत नाहीत. ती फुटतात पिंपळ, वड, उंबर यांच्या मुळांनी. शेवाळीच्या ओल्या गादीत ही बीजे रुजतात हे खरे आहे. म्हणून श्रावणात एकदा गडग्यावरून नजर फिरवून अशी रोपे दोन पानांवर असतानाच चिमटीने उपटावीत. याच गादीत तेरडा, नेचे व बेगोनियाही रुजतात. त्यांना राहू द्यावे. घराच्या मातीच्या भिंती, गिलावा केलेल्या भिंती व मंगलोरी कौले यांची गोष्ट वेगळी. तेथे शेवाळी ओल धरून ठेवते, कौलांच्या पन्हळी तुंबतात आणि पाणी मागे फिरून वाशांवर येते. कौले दरवर्षी पावसापूर्वी साफ करावीतच. निघालेल्या वाळक्या गाद्या उकिरड्यावर न टाकता टोपलीत सावलीस ठेवाव्यात. त्यांचा उपयोग पुढे सांगितला आहे.

डासांची भीतीही काही जण व्यक्त करतात. डासांच्या अळ्यांना साचलेले पाणी लागते. शेवाळी पाणी अंगात धरते, साचवीत नाही. सावलीच्या बागेत डास झालेच, तर प्रथम करवंट्या, कुंड्यांखालच्या बशा आणि उघडी पिंपे पाहावीत.

जागेची तयारी

कोकणात घराच्या उत्तरेकडील बाजू, विहिरीभोवतालची मोकळी पट्टी, फणसाच्या सावलीतील गडगा व तुळशीवृंदावनाचा जमिनीलगतचा दगड या जागा शेवाळीसाठी उत्तम होत. दुपारचे थेट ऊन नसावे, परंतु उजेड असावा. गडद अंधारात शेवाळीही वाढत नाही. पागोळ्यांची धार जेथे थेट पडते, तेथील माती रोज उखडते व काहीच टिकत नाही. त्याच्या पलीकडे वीतभर अंतरावर, जेथे केवळ तुषार उडतात, तेथे मात्र चांगली वाढ होते.

निवडलेल्या पट्टीतील दगडगोटे व गवताची मुळे मे महिन्यात काढून घ्यावीत. मग पाणी मारून, अंगण करताना चोपतात त्याप्रमाणे चोपण्याने जमीन चोपून घ्यावी. पृष्ठभाग अगदी सपाट करण्याचा आग्रह नसावा. थोडे उंचसखलपण असेल तर पाणी निथळते आणि शेवाळीचे रूपही खुलते. सारवण करू नये. जांभ्याची माती सामान्यतः आम्लधर्मी असते व मातीवरील पुष्कळ जातींना ती मानवते, म्हणून चुना घालण्याची मुळीच आवश्यकता नाही. ताजा चुना शेवाळीला जाळतो. गडग्याला सफेदी करण्याची पद्धत असल्यास निदान बागेकडील बाजू मोकळी सोडावी.

एवढे करून पहिला पाऊस येऊ द्यावा आणि वाट पाहावी. पुष्कळदा आषाढातच मातीवर हिरवट धाग्यांची साय धरलेली दिसते. ही शेवाळीची सुरुवात असण्याचा संभव असतो. तिला घाण समजून खुरप्याने काढण्याची घाई होते, ती टाळावी. अडचण येते ती गवताची. जून-जुलैमध्ये दर आठवड्यास गवताचे कोंब हाताने, मुळासकट, एका हाताने माती दाबून धरून काढावेत. पहिल्या पावसाळ्यात हे काम कंटाळवाणे असते यात संशय नाही. ते टाळण्यासाठी तणनाशक फवारू नये.

ज्यांना वाट पाहावयाची नसेल, त्यांनी आपल्याच आवारातील शेवाळी हलवावी. पाडावयाच्या भिंतीवरील, कौलांवरून काढलेली, मोरीच्या काठची अशी शेवाळी त्यासाठी वापरावी. पाऊस लागून राहिला असताना, जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत, पातळ उलथण्याने तळहाताएवढे तुकडे मातीच्या पापुद्र्यासह उचलावेत. नवीन जागा ओली करून तुकडा तिच्यावर ठेवावा आणि तळव्याने घट्ट दाबावा. खाली हवा राहिली तर तो तुकडा सुकतो. दोन तुकड्यांत चार बोटे अंतर ठेवावे. उतारावर बांबूच्या काडीच्या खुंट्या माराव्यात. मातीवरील मातीवर आणि दगडावरील दगडावर, हा नियम येथे पाळलाच पाहिजे. टोपलीत ठेवलेल्या वाळक्या गाद्या हाताने चुरून त्यांचा चुरा ओल्या जांभ्यावर चोळता येतो. खडबडीत चिऱ्याच्या भोकांत तो अडकून राहतो व तेथून वाढ सुरू होते. हा चुरा ताकात कालवून फासावा अशी एक कृती पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ताकाने शेवाळीचे काही पोषण होते असे नाही. त्यावर बुरशी मात्र लवकर धरते आणि मुंग्या येतात. साध्या पावसाच्या पाण्याने काम भागते.

तुकडे एकमेकांस मिळण्यास दोन-तीन पावसाळे लागतात. बागेत पोफळी असतील व कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारले जात असेल, तर शेवाळीची पट्टी पोफळीच्या ठिबकाखाली आखू नये. मोरचुदातील तांबे तिला मारक असते. गोगलगायींवर मीठ टाकण्याची सवयही या पट्टीपुरती सोडावी. गोगलगायी हाताने वेचाव्यात.

रानातून का आणू नये

खोडावरील शेवाळीची गादी ही एकटी वनस्पती नसते. तिच्यात पावसाचे पाणी स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट धरून ठेवलेले असते, आमरीचे बी तिच्यात अडकून रुजते, असंख्य सूक्ष्म कीटक तिच्यात राहतात व काही पक्षी घरट्यांसाठी तिचे तंतू नेतात. अशी गादी एका दुपारी पोतेभर निघते आणि ती जागा पुन्हा भरून येण्यास वर्षानुवर्षे लागतात. सह्याद्रीच्या माथ्यावर, जेथे महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे उतारावरील मातीवर थेंबांचा मारा अंगावर घेणारे हे पहिले आच्छादन आहे. कायद्यानेही ही बाब दुर्लक्षिलेली नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाची व्याख्या करताना गवत, वेली व वेत-बोरू यांच्या बरोबरीने शेवाळीचा स्पष्ट उल्लेख आहे. वनातून ती परवानगीवाचून काढता येत नाही.

उत्तराखंडात नैनितालजवळ खुर्पाताल येथे वन विभागाने २०२० मध्ये शेवाळीचे उद्यान खुले केले. तेथे सुमारे ३० जाती जपल्या असून त्यांचे महत्त्व लोकांना समजावून दिले जाते. हिमालयातूनही शेवाळी पोत्यांनी बाहेर जात आलेली आहे, हे ध्यानात घेता असे उद्यान तेथे व्हावे हे योग्यच झाले.

येथे कलमे बांधणाऱ्यांचा प्रश्न उद्भवतो. डाळिंब, पेरू, लिंबू यांची गुटी बांधताना साल काढलेल्या भागाभोवती ओले मॉस गुंडाळण्याची रीत जुनी आहे. त्यासाठी सर्वांत चांगले समजले जाणारे स्फॅग्नम थंड प्रदेशांतील दलदलींत वाढते. ते आपल्या वजनाच्या सुमारे वीस पटींपर्यंत पाणी धरू शकते, आणि म्हणूनच त्याला मागणी आहे. ते न मिळाल्यास जवळच्या रानातील शेवाळी आणण्याचा मोह होतो. नारळाच्या काथ्याचा भिजविलेला भुसा, पिळून पाणी निथळल्यावर, गुटीसाठी वापरता येतो. तो कोकणात घरोघरी निघतो. त्याचा वापर करणाऱ्या रोपवाटिकाधारकाला रानात जावे लागत नाही आणि खर्चही वाचतो.

जपानचा दाखला आणि त्याची मर्यादा

शेवाळीच्या बागेचा विषय निघाला की जपानमधील क्योतो येथील साइहोजी मंदिराचे नाव घेतले जाते. १३३९ मध्ये मुसो सोसेकी या बौद्ध आचार्यांनी तेथील बागेची पुनर्रचना केली. आज तेथे शेवाळीच्या सुमारे १२० जाती आहेत व १९९४ पासून हे स्थान जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट आहे. फारसे सांगितले जात नाही ते असे की, मूळ रचनेत शेवाळी नव्हती. पुढे दीर्घकाळ बागेची देखभाल झाली नाही, दरीतील दमट हवेत शेवाळी आपोआप पसरत गेली, आणि नंतरच्या लोकांनी ती काढून न टाकता राहू दिली. हा दाखला आपल्या उपयोगाचा आहे. त्या बागेचे रूप मात्र येथे जसेच्या तसे आणू पाहणे व्यर्थ होय. क्योतोत पाऊस वर्षभर वाटून पडतो. कोकणात तो तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो खरा, परंतु जवळजवळ सगळा चार महिन्यांत. येथील शेवाळी याच ऋतुचक्राला सरावलेली आहे.

म्हणून उन्हाळ्यातील वागणूक फार महत्त्वाची. मार्गशीर्षानंतर शेवाळी तपकिरी पडू लागताच ती मेली असे समजून पाणी घालण्यास आरंभ केला जातो. सकाळी एक शिंपडा आणि दहा वाजता पुन्हा कोरडे, अशा पाण्याने हित होत नाही. ओली होताच शेवाळी जागी होते, श्वसनात साठविलेले अन्न खर्च करते आणि ते भरून काढण्याइतका वेळ मिळण्यापूर्वी पुन्हा सुकते. रोज असे झाल्यास ती खरोखरच मरते. पूर्ण कोरडी राहिली तर पावसाळ्यापर्यंत तग धरते. कूपनलिकेच्या जड पाण्याने तर तिच्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो. विहिरीच्या गळतीने किंवा न्हाणीच्या पाण्याच्या ओलीने एखादा भाग बारमाही हिरवा राहत असेल तर राहू द्यावा. तो मुद्दाम करण्याच्या भरीस पडू नये.

देशावर, पुणे-सातारा भागांत, विहिरींच्या आतील अंगास व उत्तरेकडील काळ्या दगडांच्या जोत्यावर असाच प्रयोग करता येईल. काळ्या जमिनीवर तो करू नये. ती उन्हाळ्यात भेगाळते व गाद्या फाटतात.

कोरड्या महिन्यांत दोनच कामे उरतात. आंब्या-फणसाचा पालापाचोळा पट्टीवर साचू न देता मऊ केरसुणीने अलगद बाजूस सारावा, कारण त्याखाली शेवाळी पहिल्या पावसात कुजते. कोंबड्या उकरतात त्या जागी काट्या टाकाव्यात. रोहिणीच्या सरी येऊन गेल्यावर पट्टीची पाहणी करावी. जे तुकडे तासाभरात हिरवे झाले ते रुजले. जे तपकिरीच राहिले त्यांना पंधरा दिवस आणखी द्यावेत, आणि तरीही न उठल्यास तेवढ्याच जागी शेजारचा नवा तुकडा बसवावा.